आवाजाचे आकडे करणारा माणूस

कोरेगावच्या बाजारात मोबाइल कानाला लावून आल्याचा भाव विचारणाऱ्या व्यापाऱ्याला अॅलेक रीव्हज कोण, हे ठाऊक असण्याचे कारण नाही. दूरसंचाराच्या जगात मात्र हे नाव फार मोठे. फोनमधल्या नखाएवढ्या चिपमध्ये बोलण्याचे आकडे होतात आणि आकड्यांचे पुन्हा बोलणे. ती युक्ती रीव्हजची.

जन्म इंग्लंडातल्या रेडहिलचा, १९०२चा. १९२३ साली तो टेलिफोनच्या धंद्यात शिरला आणि पुढे पॅरिसच्या प्रयोगशाळेत रमला. दुखणे जुनेच होते. लांबच्या फोनवर आवाज क्षीण होई; तो वाटेत वाढवावा, तर खरखरही वाढे. आम्हा जुन्या बँकवाल्यांना हे सांगायला नको. शाखेतून मुंबईला ट्रंककॉल लागला की रक्कम तीनतीनदा ओरडून सांगायची, तरी सात की साठ, या शंकेने घाम फुटायचा.

१९३७ साली रीव्हजला उपाय सुचला. आवाजाची लाट सेकंदाला हजारो वेळा मोजायची, प्रत्येक माप ३२ पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर बसवायचे. खतावणीत आम्ही व्याज जवळच्या रुपयाला पुरे करायचो, तसेच! पायरीचा क्रमांक पाच खुणांनी पाठवायचा: ठोका आहे किंवा नाही. वाटेतल्या केंद्राने एवढेच ओळखून नवा, स्वच्छ ठोका पुढे धाडायचा. खरखर तिथेच गळून पडते.

१९३८ साली फ्रान्समध्ये पेटंटचा अर्ज झाला, पण व्हॉल्व्हच्या जमान्यात हे यंत्र फार महाग पडे. १९४० साली जर्मन फौजा पॅरिसवर आल्या आणि रीव्हज मायदेशी निसटला.

इथे या सरळ आयुष्याला पीळ पडतो. रीव्हज शांततावादी, संहाराचे काम नको म्हणणारा. नेम अचूक असेल तर निरपराध कमी मरतील, असे त्याने मनाला समजावले आणि फ्रँक जोन्सच्या साथीने ओबो ही विमानांना वाट दाखवणारी यंत्रणा उभी केली. मार्च १९४३ मध्ये तिच्याच खुणांवर एसेन शहर भाजून निघाले. नेम अचूकच होता. त्याच्या मनाचे काय झाले असेल, हा विचार मला सोडत नाही.

ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६२ साली अमेरिकेत बेल कंपनीने रीव्हजची पद्धत व्यवहारात आणली. तोवर पेटंटची मुदत सरली होती. असा माणूस कर्जाला माझ्यासमोर बसला असता, तर तारणाच्या रकान्यात मी काय लिहिले असते, कोण जाणे! १९६९ साली ब्रिटिश टपाल खात्याने त्याच्या शोधावर तिकीट काढले, एवढे खरे.

१३ ऑक्टोबर १९७१ रोजी तो गेला. आवाजाचे आकडे करणारे सारे मंडल एकाच चिपवर बसायला अजून काही वर्षे होती. आपल्याकडे सी-डॉटचे १२८ जोडण्यांचे पहिले ग्रामीण डिजिटल एक्स्चेंज १९८६ साली बसले, ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला.