हसत घडविलेले शब्द

नवे शब्द घडविणे हे विद्वानांच्या मंडळांचे काम, असा आपला समज आहे. बडोद्याच्या सयाजीगंजात बडोदे कॉलेजची प्रचंड घुमटाची इमारत उभी आहे. तेथे पाली शिकविणाऱ्या एका प्राध्यापकाचे चरित्र हा समज खोटा ठरविते. चिंतामण विनायक जोशी हे त्यांचे नाव. पण महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो चिमणरावांचे जनक म्हणून.

चिं. वि. जोश्यांचा जन्म पुण्यात 1892 साली झाला. पाली भाषेचे धडे त्यांनी धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी घेतले. गोव्यातील साखवाळचे हे सुपुत्र बुद्धविद्येच्या शोधात देशोदेशी हिंडले, आणि त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी वर्षासन देऊन आधार दिला, हे गोमंतकीय वाचकांना सांगावयास नको. गुरूला ज्या संस्थानाने आधार दिला, तेच पुढे शिष्याची कर्मभूमी झाले. अध्यापनाबरोबरच संस्थानच्या दफ्तरखान्याचा कारभारही जोश्यांकडे आला. जातककथांचे मराठी रूप आणि शाक्यमुनीचे चरित्र ही त्यांच्या व्यासंगाची फळे होत.

त्याच बडोद्यात त्याच काळी शब्दनिर्मितीचा एक राजमान्य उद्योग चालला होता. सयाजीरावांच्या आज्ञेने सिद्ध झालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ 1931 साली प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी संज्ञांना मराठी, गुजराती, संस्कृत आदी भारतीय भाषांतून प्रतिशब्द देणारा हा कोश आठ भाषांचा होता. देशी भाषेत राज्य चालले पाहिजे, ही त्यामागील तळमळ थोर होती. लगेच पुढच्या वर्षी, 1932 मध्ये, जोश्यांचे ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ बाहेर पडले.

एरंडातून रस निघत नाही, म्हणून निष्फळ बडबडीला मराठी माणूस एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतो. जोश्यांनी ते बिरूद आपणहून मिरविले. पुढे ‘वायफळ’ या विशेषणातील फळावर त्यांची दृष्टी गेली आणि त्या फळाचा एक मळाच त्यांनी लावून दाखविला. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ असेच वळले गेले. नायक चिमण, त्याची पत्नी काऊ, घरात मोरू, राघू, मैना! एका मध्यमवर्गीय कारकुनाच्या बिऱ्हाडाचे नुसत्या नावांनी पक्ष्यांचे घरटे झाले. शेजारी आडदांड गुंड्याभाऊ उभा केला, की त्या घरट्याची चिमुकली भीती आणि चिमुकला अहंकार न सांगताच कळतो. ‘ओसाडवाडी’ म्हटले, की गाव नकाशावर शोधण्याचे कारण उरत नाही.

या शब्दांसाठी परिपत्रक निघाले नाही, तरी ते घरोघर गेले. 1940 मध्ये ‘लग्न पाहावे करून’ आणि 1942 मध्ये ‘सरकारी पाहुणे’ या चित्रपटांनी चिमणराव रुपेरी पडद्यावर आला. लेखकाच्या मृत्यूनंतर दूरदर्शनवरही अवतरला. भित्र्या, सज्जन, फुशारक्या मारणाऱ्या गृहस्थाला चिमणराव म्हणावे, हे कोणत्या शब्दकोशाने शिकविले?

1949 मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि 1960 मध्ये बडोदे गुजरातेत गेले. तेथील मराठीचा राजाश्रय सरला. जोश्यांनी हे सारे पाहिले. 1963 मध्ये त्यांचे निधन झाले. पण त्यांच्या शब्दांना राजाश्रय कधीच लागला नव्हता, म्हणून तो गेल्याने त्यांचे काही बिघडले नाही.

यातून आम्ही कोशकारांचा अधिक्षेप करू इच्छीत नाही. न्यायालयाला, कचेरीला, प्रयोगशाळेला नेमके शब्द हवेतच, आणि ते श्रमानेच होतात. मात्र शब्द घडणे वेगळे आणि तो रुळणे वेगळे. रुळण्यासाठी तो जिभेवर खेळावा लागतो, आणि तो खेळ कथाकाराच्या अंगणात चालतो. आज आपल्या किनाऱ्यावर भाषेच्या हक्कांची चर्चा उदंड होते. हक्क महत्त्वाचे आहेतच. परंतु नव्या वस्तूला, नव्या स्वभावाला, नव्या ढोंगाला मराठीत नाव ठेवण्याची हौस आपल्या लेखकांत आणि घरांत किती उरली आहे, हेही विचारले पाहिजे. जी भाषा नाव ठेवणे विसरते, तिच्या हाती केवळ उसने शब्द राहतात. दफ्तरखान्याचा भार वाहूनही जोश्यांनी ती हौस सोडली नाही, एवढे त्यांच्या चरित्रातून घेतले तरी पुष्कळ झाले.