विश्लेषण : विद्यापीठातला विभाग नेमका कुठे? पॅट्रिक गेडिस यांचे जुने उत्तर

प्रवेशासाठी पहिल्यांदाच मुंबई विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्याचा गोंधळ रिक्षातच सुरू होतो. कलिना म्हणायचे की विद्यानगरी? आत शिरल्यावर विभाग कोणत्या इमारतीत, हा पुढचा प्रश्न. जगातल्या काही विद्यापीठांनी ही माहिती सर्वांसाठी खुली केली आहे. ब्रिटनमधील साउथहॅम्प्टन विद्यापीठाने २०११ मध्ये तसे केले. मात्र ठिकाणाची माहिती नागरिकांच्या हाती असावी, यासाठी धडपडणारा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी मुंबई विद्यापीठातच शिकवत होता. ते म्हणजे नगररचनाकार सर पॅट्रिक गेडिस.

खुली माहिती म्हणजे नेमके काय?

संकेतस्थळावर टाकलेला नकाशा माणसाला दिसतो, पण मोबाइलमधल्या ॲपला त्यातून काही शोधता येत नाही. खुल्या नोंदीत प्रत्येक इमारतीला कायमचा क्रमांक असतो. त्याला अक्षांश-रेखांश जोडलेले असतात आणि कोणता विभाग कोणत्या इमारतीत आहे, हे नातेही लिहिलेले असते. मग ग्रंथालयाच्या सर्वांत जवळचे उपाहारगृह कोणते, रसायनशास्त्राचे विभाग कोणकोणत्या इमारतींत आहेत, असे प्रश्न थेट विचारता येतात. परवाना मुक्त असल्याने एखादा विद्यार्थीही त्यावर ॲप बनवू शकतो. कलिना आणि विद्यानगरी ही एकाच जागेची दोन नावे आहेत, हेही नोंदीत सांगावे लागते. संगणकाला ते आपोआप कळत नाही.

अंधारात सुचलेले चौकोन

गेडिस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटरचा. एडिनबर्ग विद्यापीठात ते जेमतेम आठवडाभर टिकले. मग लंडनला टी. एच. हक्स्ली यांच्याकडे जीवशास्त्र शिकले, पण पदवी कधीच घेतली नाही. १८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोत गेले असता त्यांची दृष्टी गेली आणि काही काळ अंधाऱ्या खोलीत बसून राहावे लागले. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या तरुणासाठी हा केवढा आघात असेल! तिथे खिडकीच्या तावदानांच्या चौकटी बोटांनी चाचपताना एकेका चौकोनात एकेक विषय ठेवण्याची कल्पना त्यांना सुचली. पुढे दृष्टी परतली आणि कागदाला घड्या घालून चौकोन पाडण्याची सवय जन्मभर राहिली. ठिकाण, काम आणि लोक हे तीन शब्द आडवे-उभे मांडून ते नऊ घरे तयार करत. आजच्या तक्त्यातील स्तंभ आणि ओळी यांच्याशी याचे साम्य लगेच लक्षात येते.

शहराचा मनोरा

१८८७ मध्ये त्यांनी एडिनबर्गमध्ये विद्यार्थ्यांनीच चालवायचे वसतिगृह उभारले. पत्नी ॲना यांच्यासह ते स्वतः जुन्या शहरातील गलिच्छ वस्तीत राहायला गेले होते. १८९२ मध्ये त्यांनी किल्ल्याजवळची एक इमारत घेतली. तिच्या माथ्यावर शहराचे हलते चित्र पांढऱ्या मेजावर पाडणारा कॅमेरा ऑब्स्क्युरा होता. खाली उतरत जावे तसे आधी एडिनबर्ग, मग स्कॉटलंड, इंग्रजी भाषक देश, युरोप आणि शेवटी जग अशी दालने लागत. मोबाइलच्या नकाशावर आपण दोन बोटांनी जे करतो, ते इथे जिन्याने करायचे! आधी पाहणी, मग आराखडा हा त्यांचा आग्रह होता, आणि ती पाहणी रहिवाशांनाही पाहता आली पाहिजे, असे ते मानत.

भारतातील वर्षे

१९१४ मध्ये त्यांचे शहरांविषयीचे प्रदर्शन भारताकडे निघाले. नकाशे आणि चित्रे असलेले जहाज जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले. वर्षानुवर्षांचा संग्रह समुद्राच्या तळाशी गेला, कारण त्याची दुसरी प्रत नव्हती. मित्रांनी नव्याने साहित्य जमवले आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरले. १९१७ मध्ये मुलगा युद्धात मारला गेला. त्याच वर्षी ॲना यांचेही भारतात निधन झाले.

इंदूरमध्ये प्लेगची साथ असताना त्यांनी होळकर दरबाराला सुचवलेली युक्ती तर भन्नाट होती. दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या मार्गाने जाणार नाही, ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत स्वच्छ त्या रस्त्यांनी जाईल, असे जाहीर झाले. शहराने झाडू हाती घेतला आणि मिरवणुकीत उंदराचा प्रचंड पुतळाही निघाला. १९१८ च्या त्यांच्या इंदूर अहवालात नियोजित विद्यापीठाचाही विचार आहे. पाठोपाठ १९१९ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचा आराखडा त्यांनी केला. तो बव्हंशी कागदावरच राहिला.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे अध्यासन त्यांच्याकडे आले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनीच हेरले आणि त्यांच्या इंग्लंडमधील शिक्षणाचा मार्ग मोकळा केला. वर्गातील शिक्षक म्हणून गेडिस फारसे शिस्तशीर नव्हते. त्यांची मांडणी विस्कळीत असे आणि आराखड्यांसाठी ते सतत फिरतीवर असत. १९२४ मध्ये ते फ्रान्समधील माँपेलिए येथे स्थायिक झाले. १९३२ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला आणि १७ एप्रिलला त्यांचे तिथेच निधन झाले.

विभागाची धुरा १९२४ पासून घुर्ये यांनी सांभाळली. गेडिस यांच्या काळात फोर्टमध्ये असलेला हा विभाग आज कलिन्यात आहे. खुल्या नोंदीत एवढ्या स्थलांतरासाठी एकच ओळ बदलावी लागते. विभागाचा क्रमांक तोच राहतो, इमारतीचा तेवढा बदलतो.