पंडित विष्णु नारायण भातखंडे

गवय्याचे गाणे संपले, की ते हवेत विरून जाते. चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते, शिल्पकाराची मूर्ती शतकानुशतके देवळात उभी राहते. गाणे मात्र गाणाऱ्याच्या कंठात आणि ऐकणाऱ्याच्या स्मरणात काय ते उरते. पूर्वी गवई आपल्या चिजा मुलांना किंवा निवडक शिष्यांनाच तोंडी शिकवीत. कित्येकदा त्या लपवूनही ठेवीत. कारण चिजांचा संग्रह हीच त्यांची मिळकत होती. असा एखादा गवई निवर्तला, की त्याच्याबरोबर अनेक चिजाही कायमच्या नाहीशा होत. ही हानी थांबविण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते विष्णु नारायण भातखंडे.

त्यांचा जन्म मुंबईस वाळकेश्वर येथे १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी झाला. विद्यार्थिदशेतच ते सतार शिकू लागले. १८८४ मध्ये ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. ही संस्था पारशी गृहस्थांनी स्थापन केलेली होती. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांना धृपदांची तालीम मिळाली. १८८७ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन ते वकील झाले. काही काळ कराचीस व पुढे मुंबईस त्यांनी वकिली केली. परंतु १९०० मध्ये पत्नी आणि १९०३ मध्ये मुलगी मृत्युमुखी पडली. भातखंड्यांचे घर ओस पडले. हळूहळू त्यांनी वकिलीही सोडली आणि संगीतासाठी ते देशभर हिंडू लागले.

१९०४ मध्ये त्यांनी दक्षिणेचा प्रवास केला. १९०७ व १९०८ मध्ये कलकत्ता, काशी, लखनौ, जयपूर अशी अनेक नगरे पाहिली. जेथे जात तेथे ग्रंथसंग्रहांत संगीताच्या जुन्या पोथ्या शोधीत आणि नामांकित गवय्यांना भेटत. सगळेच दार उघडीत असे नाही. पण जयपूरचे महंमद अली खां यांनी आपल्या घराण्याच्या शेकडो चिजा त्यांना दिल्या. रामपूरच्या नबाबांचे शिष्यत्व पत्करून त्यांनी तानसेनाच्या परंपरेतील धृपदे मिळविली. जे ऐकले ते ते लगेच टिपून ठेवीत.

पण गाणे टिपावयाचे कसे? बडोद्याचे मौलाबक्ष यांनी पूर्वीच एक स्वरलेखनपद्धती तयार केली होती. विष्णु दिगंबर पलुस्करांनीही स्वतंत्र पद्धती काढली. तीत स्वरांचे काल दाखविण्यास निरनिराळी चिन्हे असत. ती सूक्ष्म होती, पण लिहिण्यास व छापण्यास अवघड. भातखंड्यांनी चिन्हे शक्य तितकी थोडी ठेवली. शुद्ध स्वराला चिन्हच नाही. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. खालच्या सप्तकातील स्वराच्या खाली टिंब, वरच्या सप्तकातील स्वराच्या वर टिंब. एकाच मात्रेत दोन-चार स्वर म्हणावयाचे असले, तर त्यांना खालून एक वळणदार रेघ सांधते. स्वर लांबवावयाचा तर त्याच्यापुढे लहान आडवी रेघ, गीतातील अक्षर लांबवावयाचे तर अवग्रह. शेवटी ताल: समेला फुली, कालाला शून्य, इतर टाळ्यांना आकडे. त्रितालाच्या १६ मात्रांत पहिलीखाली फुली, पाचवीखाली २, नववीखाली शून्य व तेरावीखाली ३ लिहिला, की मुलालाही हाताने ताल देत चीज वाचता येते.

अनेक गवय्यांना हे रुचले नाही. कागदावर गाणे उतरले तर कोणीही ते उचलील, अशी भीती होतीच. पण त्यांचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता. दरबारी रागातील गांधार संथपणे डोलतो. तो डोल नुसत्या आडव्या रेघेत कसा मावणार? हे म्हणणे खोटे नव्हते. लिहिलेली चीज गळ्यावर चढविण्यास गुरू लागतोच, आणि भातखंड्यांनी ज्या शाळा उभारल्या, त्यांत पुस्तकांबरोबर गुरूही होते. मात्र कागदाने चिजेचा सांगाडा तरी वाचतो. न लिहिलेल्या चिजेचे काहीच उरत नाही.

रागांची दहा थाटांत मांडणी करून त्यांनी संस्कृतात व मराठीत ग्रंथ लिहिले. १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद त्यांनी भरविली. १९१८ मध्ये ग्वाल्हेरीस आणि १९२६ मध्ये लखनौस त्यांच्या प्रयत्नाने संगीत विद्यालये निघाली. लखनौचे विद्यालय आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ झाले आहे. जमविलेल्या चिजा त्यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिका’ या नावाने मराठीत प्रसिद्ध केल्या. तिच्या सहा भागांत सुमारे १८०० चिजा आहेत. ज्यांच्या घरी गाण्याची परंपरा नाही, अशा मुलांनाही थोर घराण्यांच्या चिजा आता थोड्या पैशांत मिळू लागल्या.

१९३३ मध्ये भातखंड्यांना पक्षाघात झाला आणि ते अंथरुणास खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीला त्यांचे देहावसान झाले. मालिकेचे अखेरचे भाग तेव्हा छापावयाचे राहिले होते. ते त्यांच्यामागून प्रसिद्ध झाले.