लोकमान्यांची उसंत

जुन्या मराठी वाचनालयाच्या कपाटात ‘गीतारहस्या’ची एखादी जीर्ण, पुन्हा बांधून घेतलेली प्रत सहसा असतेच. तो जाडजूड ग्रंथ हाती घेतला की मनात प्रश्न येतो: वृत्तपत्र, सभा, खटले आणि दौरे यांत अहोरात्र गुंतलेल्या बाळ गंगाधर टिळकांना हे लिहिण्यास वेळ मिळाला तरी कसा? लोकमान्यांचे चरित्र आपण संघर्षाची कथा म्हणून वाचतो, आणि ते योग्यही आहे. परंतु तेच चरित्र त्यांना लाभलेल्या व न लाभलेल्या उसंतीच्या अंगाने वाचले, तर एक वेगळेच टिळक दृष्टीस पडतात.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत शिक्षकी पेशातले, संस्कृत व गणित यांचे जाणकार. १८७२ मध्ये ते अखेरच्या दुखण्यात असता सोळा वर्षांच्या बाळने त्यांच्या उशाशी बसून गीतेवरील मराठी टीका वाचून दाखविली. गीतेशी त्यांचा परिचय झाला तो असा. पुढच्याच वर्षी ते डेक्कन कॉलेजात दाखल झाले. प्रकृती किरकोळ होती. तेव्हा पहिले वर्ष त्यांनी व्यायाम, कुस्ती आणि पोहणे यांतच घालविले. अभ्यास मागे पडला, वर्ष गेले. जगाच्या हिशेबी ते वाया गेले असेल. पण पुढे तुरुंगवासाचे धक्के ज्या शरीराने सोसले, ते त्या वर्षी घडले होते.

१८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ सुरू झाले, आणि टिळकांच्या आयुष्यातली उसंत संपली. १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर वृत्तपत्रांची जबाबदारी आणि चरितार्थासाठी कायद्याचा वर्ग अशी दुहेरी धावपळ होती. अशाही काळात गीता वाचताना, महिन्यांत मार्गशीर्षाला दिलेल्या अग्रस्थानावर त्यांचे मन थबकले. त्या एका प्रश्नाचा त्यांनी काही वर्षे पाठपुरावा केला, आणि वेदांच्या काळाविषयीचा ‘ओरायन’ हा इंग्रजी ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. अग्रलेखाला आठवडा पुरे होई. या प्रश्नाला वर्षे लागली.

सप्टेंबर १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्या शिक्षेत त्यांची प्रकृती पार ढासळली. मॅक्समुल्लर यांनी ऋग्वेदाच्या आपल्या संपादनाची दुसरी आवृत्ती त्यांच्यासाठी धाडली होती. वाचनाची सवलत मिळाल्यावर वेदांतील उषःसूक्तांचा विचार त्यांनी तुरुंगातच आरंभिला. सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीपूर्वी सुटका झाली. विसाव्यासाठी ते सिंहगडावर जाऊन राहिले. गडावरचे त्यांचे घर हे त्यांच्या आयुष्यातील विश्रांतीचे हक्काचे स्थान होते. मात्र टिळकांची विश्रांती म्हणजे निष्क्रियता नव्हे. भेटीगाठींचा रेटा थांबला की ज्या प्रश्नांना पुण्यात दाराबाहेर ताटकळावे लागे, ते आत येत. १८९८ अखेर ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’चा पहिला खर्डा तयार झाला. तो छापण्याची त्यांनी घाई केली नाही. विद्वानांशी विचारविनिमय करीत ग्रंथ बाहेर पडला तो १९०३ मध्ये. त्यातील सिद्धांत आज विद्वन्मान्य नाही. तथापि विषयात बुडून राहण्याची त्यामागची चिकाटी आजही थक्क करते.

दरम्यान गीतेचा विचार मनात मुरतच होता. १९०२ मध्ये नागपुरात, आणि पुढे ऑगस्ट १९०४ मध्ये आपल्या बेळगाव जिल्ह्यातील संकेश्वर येथे, मठात शंकराचार्यांच्या समक्ष, त्यांनी आपले विवेचन मांडले. पण व्याख्यानाचा ग्रंथ होण्यास निवांतपणा हवा होता, आणि तो सरकारनेच त्यांच्यावर लादला. २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावण्यात आली व त्यांची रवानगी मंडालेस झाली. तेथील लाकडी कोठडीत उन्हाळा भाजून काढी व हिवाळा गारठवी. मधुमेह सोबतीला होताच. वृत्तपत्रे मिळत नसत. ग्रंथ मात्र मागविता येत. घरी पाठविलेल्या पत्रांतून पुस्तकांच्या याद्या जात. जर्मन, फ्रेंच आणि पाली यांचा अभ्यास चाले. अखेर १९१०-११ च्या हिवाळ्यात, पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्यांत, पेन्सिलीने, सुमारे पाच महिन्यांत ‘गीतारहस्या’चा खर्डा पुरा झाला. लेखनास महिने पाच लागले. पण वडिलांच्या उशाशी सुरू झालेल्या त्या चिंतनाला तोवर अडतीस वर्षे होऊन गेली होती.

या निवांतपणाचे कौतुक करताना त्याची किंमत विसरता कामा नये. जून १९१२ मध्ये सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या. चाळीस वर्षांच्या सहधर्मचारिणीचे अंत्यदर्शनही टिळकांना घडले नाही. वार्ता तारेने कळली. अशी उसंत कोणी मागून घेत नाही.

जून १९१४ मध्ये ते सुटून आले. हस्तलिखिते काही काळ सरकारच्याच ताब्यात राहिली. मित्रांना चिंता वाटली. टिळकांना मात्र सारा ग्रंथ स्मरणातून पुन्हा लिहिता येईल असा विश्वास होता. वह्या परत मिळाल्या आणि जून १९१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर पुन्हा तीच धावपळ. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावातच होमरूल लीगची स्थापना झाली. मग दौरे, लखनौ, विलायत, अमृतसर. शिवचरित्र, हिंदुधर्माचा इतिहास, कलनशास्त्र अशा कित्येक ग्रंथांचे संकल्प त्यांच्या टिपणांत होते. स्वराज्य मिळाल्यावर गणिताचे अध्यापक व्हावे, अशी इच्छाही ते बोलून दाखवीत. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचे देहावसान झाले, तेव्हा यांतले बहुतेक संकल्प कागदावरच होते.

लोकमान्यांनी आपली उसंत देशासाठी खर्च केली, हा त्यांचा त्याग आपण सहसा मोजत नाही. तुरुंगवास आणि धनहानी दिसते. न लिहिलेले ग्रंथ दिसत नाहीत. आपल्यापैकी कोणावर तसा प्रसंग आलेला नाही. दिवसाकाठी एखादा निवांत तास आपल्याला कोठडीवाचून, केवळ या वाचनालयाच्या पायऱ्या चढून मिळतो. शंभर वर्षे दिवाबत्तीची व्यवस्था ठेवून, शांततेची पाटी लावून, ज्यांनी ही जागा राखली त्यांनी गावासाठी नेमका तोच तास राखून ठेवला आहे.