आंकतील द्युपेराँ

परक्या लोकांचे सणवार व चालीरीती आपल्या घरच्या भाषेत सांगणे वाटते तितके सोपे नाही. आपली महाशिवरात्रीची अगस्ती-यात्राच एखाद्या फ्रेंच मनुष्यास त्याच्या भाषेत समजावून द्यावयाची म्हटले, तर नुसत्या शब्दकोशाने भागणार नाही. पारशी लोकांच्या बाबतीत हे काम आंकतील द्युपेराँ ह्या फ्रेंच पंडिताने केले.

त्याचा जन्म 1731 साली पॅरिस येथे झाला. प्रथम त्याने ईश्वरविद्येचा अभ्यास केला. परंतु त्याचे मन पौर्वात्य भाषांकडे ओढले गेले. 1754 साली पारशांच्या अवेस्ता ग्रंथातील चार पानांची नक्कल त्याच्या पाहण्यात आली. ती भाषा युरोपात कोणासच कळत नव्हती. ज्यांचा ग्रंथ त्यांच्याकडूनच तो शिकावा, असा त्याने निश्चय केला आणि जवळ पैसा नसल्यामुळे फ्रेंच कंपनीच्या फौजेत साधा शिपाई म्हणून नाव नोंदविले! पुढे सरकारने त्यास ह्या शिपाईगिरीतून सोडवून लहानसे वेतन बांधून दिले.

1755 साली तो पाँडिचेरीस उतरला. पारशांचे मोठे ठाणे सुरत. तेथे तो मराठी मुलुखातून, वाटेत वेरूळची लेणी पाहून, 1758 साली पोहोचला. दस्तूर दाराब हे त्याचे गुरू. फारशी भाषेच्या द्वारे अध्यापन चाले. गुरू प्रथम हातचे राखून शिकवीत. शिष्य मात्र चिवट होता. तितकाच तो तापटही होता. सुरतेतच एक देशबांधव द्वंद्वयुद्धात त्याच्या हातून मारला गेला व त्यास इंग्रजांचा आश्रय घ्यावा लागला. हा डाग चरित्रकाराने झाकणे बरे नव्हे.

1762 साली 180 हस्तलिखिते घेऊन तो पॅरिसला परतला. ऑक्सफर्डच्या हाइड ह्या विद्वानाने 1700 साली प्राचीन इराणी धर्मावर ग्रंथ लिहिला, तो लॅटिन भाषेत; सामान्य वाचकास तो बंदच होता. द्युपेराँने 1771 साली आपले अवेस्ताचे भाषांतर चालत्या फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केले व त्यास पारशांच्या आचारांचे सविस्तर वर्णन जोडले. सदरा-कस्तीचा संस्कार, विवाह, अंत्यविधी, सण ह्या सर्वांची माहिती त्यात आहे. भाषांतरापेक्षा हा भागच मला अधिक मोलाचा वाटतो.

ह्या कष्टांचे फळ काय मिळाले? विल्यम जोन्स ह्या तरुण इंग्रज पंडिताने फ्रेंचमध्येच पत्रक काढून त्याची यथेच्छ टवाळी केली व तो ग्रंथ बनावट ठरविला. द्युपेराँ 1805 साली वारला. ग्रंथाचे खरेपण डेन्मार्कच्या रास्कने 1826 साली सिद्ध केले. भाषांतरात मात्र पुष्कळ चुका होत्या. त्या ब्युर्नूफ ह्या फ्रेंच पंडिताने पुढे दाखवून दिल्या, त्याही द्युपेराँने सुरतेहून आणलेल्या हस्तलिखितांच्याच आधारे.