डॉ. बसू आणि सुईची कसोटी
सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर यांच्यासह १९३८ मध्ये युद्धग्रस्त चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात डॉ. बिजॉयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. बसू १९४३ मध्ये परतले. पुढे चीनमध्येच ॲक्युपंक्चर शिकून त्यांनी १९५९ पासून कोलकात्यात हा उपचार रुजविला. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

मोठी कसोटी त्यांच्या पश्चात झाली. सुमारे १८ हजार रुग्णांवरील चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठ, मान, गुडघे व डोक्याच्या जुनाट दुखण्यात सुयांनी आराम पडला. मात्र लटक्या सुयांच्या तुलनेत तो थोडाच अधिक होता. अमरावती-अकोल्यातील गुडघेदुखीच्या रुग्णाने बसूंच्या सेवेचा आदर आणि हा पुरावा वेगवेगळे तोलणेच हिताचे.