विनोबा भावे (सूतकताई आणि वस्त्रस्वावलंबन)

विनायक नरहरी भावे ऊर्फ आचार्य विनोबा भावे (११ सप्टेंबर, १८९५ – १५ नोव्हेंबर, १९८२) हे गांधीवादी विचारवंत, गीतेचे भाष्यकार व भूदान चळवळीचे प्रवर्तक होते. चरित्रकारांचे लक्ष स्वाभाविकपणे भूदानाकडे अधिक गेले आहे. तथापि त्यापूर्वीची सुमारे तीस वर्षे विनोबांच्या दिनक्रमाच्या केंद्रस्थानी विणकाम आणि सूतकताई होती. प्रस्तुत लेख त्यांच्या जीवनाच्या या अंगाविषयी आहे.

पूर्वायुष्य

विनोबांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. वडील नरहर शंभूराव भावे बडोद्यास नोकरीला होते. वस्त्रविद्येचे, विशेषतः कापडाच्या रंगाईचे, त्यांना शास्त्रीय ज्ञान होते व घरी त्यांचे प्रयोग चालत. आई रखुमाबाई या अत्यंत श्रद्धाळू होत्या. १९१६ साली इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले आणि त्याच वर्षी ७ जून रोजी अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात महात्मा गांधींना भेटले.

आश्रमात आरंभी विणकाम होते, कताई नव्हती. गिरणीचे सूत आणून ते मागावर विणले जाई. विनोबा तेथे नवार विणण्यास शिकले. पुढे सूतही हातचेच असावे असे ठरले. ही गोष्ट दिसते तितकी सोपी नव्हती, कारण कातण्याआधी सरकी काढणे, कापूस पिंजणे आणि पेळू वळणे ही कामे येत. पेळू वाईट असेल तर कुशल हातालाही चांगला धागा निघत नाही.

१९१८ साली आईचे निधन झाल्यावर तिचे एक लुगडे विनोबांनी जवळ ठेवले होते व अनेक वर्षे ते उशाशी घेत. पुढे केवळ खादी वापरण्याचे व्रत घेतल्यावर, ते लुगडे खादीचे नसल्यामुळे, त्यांनी ते साबरमती नदीत सोडले. विरक्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पुरुषाला व्रताची किंमत कोठे मोजावी लागली, हे या प्रसंगावरून कळते.

वर्धा व नालवाडी

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी वर्ध्याच्या आश्रमाची जबाबदारी विनोबांकडे सोपवली. ८ एप्रिल, १९२१ रोजी ते वर्ध्यास आले. वर्धा हा कापसाचा मुलूख. परंतु तेथला कापूस गाठी बांधून बाहेर जाई आणि पिकवणारा शेतकरी गिरणीचे कापड विकत घेई.

डिसेंबर १९३२ मध्ये विनोबा वर्ध्यालगतच्या नालवाडी येथील दलित वस्तीत राहावयास गेले. तेथे त्यांनी केवळ सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करण्याचा प्रयोग केला. ते दिवसाचे कित्येक तास कातत, त्या सुताला प्रचलित दराने जी मजुरी पडे तिच्यातच जेवणखाण बसवत. हा प्रयोग वैराग्याचा म्हणून सांगितला जातो, पण त्याचे खरे स्वरूप हिशेबाचे होते. खादीच्या कामात खेडोपाडीच्या हजारो स्त्रिया कातत होत्या. त्या मजुरीत त्यांचे पोट भरते का, हा प्रश्न होता. उत्तर प्रतिकूल होते. पूर्णवेळ, सराईत हाताने कातूनही जेमतेम भागे. मग घरचे सारे आटोपून कातणाऱ्या बाईची गोष्टच निराळी.

गांधीजीही याच सुमारास मजुरीच्या प्रश्नाकडे वळले होते. १९३५ साली अखिल भारत चरखा संघाने कातणाऱ्यांना जीवननिर्वाहापुरती मजुरी देण्याचे तत्त्व स्वीकारले. मजुरी वाढली तशी खादी महागली, आणि महाग खादी विकत घेणे कातणारीला अधिकच अवघड झाले. या पेचातून विक्रीच्या खादीपेक्षा वस्त्रस्वावलंबनावर, म्हणजे कातील त्याने स्वतःच्या सुताचे वस्त्र नेसावे यावर, भर देण्यात आला. विनोबांचा कल मुळातच तिकडे होता. त्यांच्या प्रेरणेने १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामसेवा मंडळाने वर्ध्यात खादीचे काम पुढे चालवले.

टकळी

चरख्याइतकेच, किंबहुना अधिक, प्रेम विनोबांचे टकळीवर होते. टकळी म्हणजे खाली वजनदार चकती असलेली बारीक काडी. ती बोटांनी फिरवायची, दुसऱ्या हाताने पेळूतून धागा ओढायचा, पीळ बसला की गुंडाळायचा. तिला जागा लागत नाही, खर्च जवळजवळ नाही आणि लहान मूलही ती चालवू शकते. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नेमलेल्या झाकीर हुसेन समितीचे विनोबा सदस्य होते. मूलोद्योगातून शिक्षण या कल्पनेत कताईला जे स्थान मिळाले त्यामागे त्यांचा अनुभव होता. मुले तार मोजताना गणित शिकत: चार फुटांचा एक तार, ६४० तारांची एक गुंडी, म्हणजे सुमारे ७८० मीटर सूत, आणि एका पौंडात साधारण जितक्या गुंड्या बसतील तितका त्या सुताचा अंक. अंक जितका मोठा तितके सूत बारीक. अर्थात सर्वच शाळांत हे घडले नाही. पुष्कळ ठिकाणी टकळी हा तासापुरता उपचार राहिला.

पवनार व उत्तरायुष्य

१९३८ साली प्रकृती ढासळल्याने विनोबा धाम नदीकाठी पवनार येथे राहू लागले. १७ ऑक्टोबर, १९४० रोजी ते पहिले वैयक्तिक सत्याग्रही ठरले. गांधीजींच्या मृत्यूनंतर, १२ फेब्रुवारी या त्यांच्या रक्षाविसर्जनाच्या दिवशी प्रत्येकाने स्वतः कातलेली एक गुंडी अर्पण करावी, अशी सूतांजलीची प्रथा त्यांनी सुरू केली. पैशाच्या वर्गणीऐवजी श्रमाची वर्गणी, असा तिचा आशय होता. पवनारच्या कांचनमुक्तीच्या प्रयोगामागेही हाच विचार होता.

१८ एप्रिल, १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिले भूदान मिळाले व पुढील तेरा वर्षे विनोबा पदयात्रेत होते. पोचमपल्ली हे विणकरांचे गाव, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. पवनार येथेच त्यांचे निधन झाले. १९८३ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.